दीड वेढा कमी

११ नोव्हेंबर, सोमवार

सिंधूला आज परत गाडीत उलटी झाली. सिविक सेंटरच्या गोल चौकात गाडी एका अंगाला कलली, सरळ होते न होते तोच दुसऱ्या अंगाला कलली, आणि मागून आवाज आला. पिशवी तिच्या हातात तयार होती, तरी साडी भरलीच. घरी आल्यावर सीट धुतली, साडी धुतली, तिला पुसून गादीवर टेकवलं आणि मग खिचडी टाकली. ती खाली लागली. सिंधू म्हणाली, "चांगली झाली जी." ती सगळ्यालाच चांगलं म्हणते.

लिहायची सवय भिलाईच्या स्टील प्लांटमधली. क्रेनवरून उतरलं की लॉगबुकात दोन ओळी लिहायच्या आणि मगच घरी जायचं. रिटायर झाल्यावर लिहिण्यासारखं काही घडेना. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी रिसालीच्या चौकातून दूध. सिंधू म्हणायची, "भिंतीकडं पाहत नोका बसू, काईतरी करा." आता करायला भरपूर आहे.

सप्टेंबरात रायपूरला तिच्या कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. कळा गेल्या, पण डाव्या पायाचा पंजा वर उचलत नाही. चालली की चप्पल फरफटते. रेणू मॅडम तिचे व्यायाम घेतात, सोमवार, बुधवार, शुक्रवार, सिविक सेंटरजवळच्या त्यांच्या दवाखान्यात. नसेला करंट द्यायचं मशीन तिथंच असतं, ते काही घरी आणता येत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "अंकल, ये नस अभी जाग सकती है. ठंड निकल गई तो फिर मुश्किल है. एक भी दिन मत छोड़ना." म्हणजे या हिवाळ्यात पाय परत आला तर आला, नाहीतर बाई उरलेलं आयुष्य भिंत धरून चालणार. मी थकलोय हे खरं आहे, पण एवढं मला कळतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

परत तेच. आज चौकाच्या आधीच.

ही सेकंडहँड गाडी आपण उंच आहे म्हणून घेतली. आत शिरताना वाकावं लागत नाही, खुर्चीत बसल्यासारखं बसता येतं. सिंधूला पाय लांब करता यावा म्हणून समोरची डावी सीट पार पुढे ढकलली, तर ती तिथंच अडकून बसली, मागे यायलाच तयार नाही. त्यामुळे सिंधू मागे, मी पुढे आणि मध्ये आरसा. पण उंच गाडीची खोड अशी, की वळणावर सगळं अंग बाहेर टाकते. डोलते. सिंधू म्हणते, पोटातलं पाणी हलतं.

मी चौतीस वर्षं क्रेन चालवली. वितळलेल्या लोखंडाचं भांडं हुकाला लटकवून या टोकाकडून त्या टोकाला न्यायचं. उस्तादांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती: भार जमिनीच्या जवळ ठेव. उंच भार डोलतो, खालचा भार शांत राहतो. माझ्या हातून कधी थेंब सांडला नाही, आणि आता बायकोला दवाखान्यात नेताना रोज सांडवतो. याची मला लाज वाटते.

रात्री वाढताना सिंधूने ताटावर हात वर करून मूठ मिटली. पुरे. ही आमच्या घरची भाषा. क्रेनच्या केबिनमध्ये खालचं काही ऐकू येत नाही, म्हणून खालचा माणूस हातानं सांगतो. बोट वर करून फिरवलं की उचल, खाली करून फिरवलं की सोड, आणि हात उंचावून मूठ मिटली की जागच्या जागी थांब. मूठ कुणीही दाखवावी, झाडूवाल्यानेही. ऑपरेटरने कारण न विचारता थांबायचं. आमची पोरगी समीक्षा लहान असताना तिला हे मी खेळ म्हणून शिकवलं, आणि मग आमच्याकडे जेवताना कुणी 'नको' म्हणेनासंच झालं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सुपेल्याला बाबुलालच्या गॅरेजमध्ये जाऊन आलो. शेजारच्या सुखरामला सिंधूजवळ बसवलं होतं, तो म्हातारा तिच्याशी बोलता बोलता खुर्चीतच झोपला म्हणे.

गॅरेजमध्ये एक गाडी उभी होती. काळ्या काचा, आणि खाली इतकी टेकलेली की चाकं अंगात घुसल्यासारखी. मी बाबुलालला विचारलं, ही अशी कशी? म्हणाला, "स्प्रिंग काटी है, काका. वळणावर हलत नाही, जमिनीला चिकटून जाते. लड़के लोग शौक में करवाते हैं."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. भार खाली! इतके दिवस हे सुचलं कसं नाही? म्हटलं, माझी कर.

बाबुलालने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आप? काहे को?"

"बाईले चक्कर येते, उलटी होते."

"नीचे तो हो जाएगी. पर स्प्रिंग छोटी होगी तो कड़क भी होगी. झटका आएगा, बोल देता हूं."

झटका मी पाहून घेईन, असं सांगितलं. चौतीस वर्षं ज्याने भांडं हलू दिलं नाही त्याला हा झटका शिकवतो. तयार बुटक्या स्प्रिंगा आमच्या या जुन्या गाडीच्या मिळत नाहीत, म्हणून आहेत त्याच कापायच्या ठरल्या. प्रत्येकीचा दीड वेढा.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज फार दिवसांनी हात काळे झाले. समीक्षा भिलाई-तीनहून येऊन आईजवळ थांबली, मी दिवसभर गॅरेजमध्ये. बाबुलाल नको नको म्हणत होता, तरी मी गाडीखाली शिरलो. चाकं काढली, स्प्रिंग बाहेर आली, कटरच्या ठिणग्या उडाल्या. ठिणग्यांचा तो वास नाकात गेला आणि मला प्लांटमधलं आमचं शॉप आठवलं. गाडी जॅकवरून उतरली ती चार बोटं खाली बसली.

घरी येताना मुद्दाम चौकात तीन फेऱ्या मारल्या. गाडी पाटासारखी सरळ! स्टिअरिंग जिकडे वळवावं तिकडे लगेच, मधली ती झुलण्याची वेळच नाही. सिग्नलला मोटरसायकलवरच्या दोन पोरांनी अंगठा दाखवला. मीही दाखवला. या वयात असलं करू नये, पण दाखवला.

समीक्षा दारातूनच हसायला लागली. "बाबा, ये क्या, आता रेसिंग करता काय?" सिंधू खिडकीतून पाहत होती. म्हणाली, "किती खूश आहेत पाह्य तुह्ये बाबा."

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

उलटी नाही! जाताना नाही, येताना नाही. चौक पार झाला तरी पिशवी कोरडी.

आरशात पाहिलं तर तिचा हात वर होता, हँडल धरलेलं. बरं आहे, धरून बसलेलं चांगलं. म्हटलं, घट्ट धर. घरी पोचल्यावर विचारलं, कसं वाटलं? तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "चांगलं आहे जी. डोलत नाई आता." आणि म्हणाली, "तुमी शिट्टी वाजवून राह्यले होते. किती वर्षांनी ऐकली."

मी शिट्टी वाजवत होतो हे मला माहीतच नव्हतं. उतरताना मात्र तिला जोर लावावा लागला, सीट थोडी खाली गेली ना. मी दोन्ही काखांत हात घालून उचललं. ते काही मोठं नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

गाडीची नवी चाल अंगवळणी पडते आहे. खड्ड्याची आता खबर लागते, पण माझी सीट पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध, मला फारसं काही नाही. गतिरोधकावर गाडीचं पोट घासतं तेवढं खरं. त्याची युक्ती सापडली: पुढची चाकं अगदी हळू चढवायची, हळू उतरवायची, आणि ती उतरली की गाडी सोडून द्यायची. मागची चाकं आपोआप येतात. रिसालीपासून बाजारापर्यंतचे सगळे गतिरोधक मी आता डोळे मिटून सांगीन.

सिंधू हँडल सोडत नाही. सवयच झाली तिला.

संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी मागितली. थंडी वाढली आहे.

४ डिसेंबर, बुधवार

आज निघताना सिंधू म्हणाली, "बाजाराकडून कावून नेता? सेक्टरकडून न्या न."

तो लांबचा रस्ता, उगीच वळसा. पण मला कळलं. सेक्टरमधलं, म्हणजे प्लांटच्या वसाहतीतलं, आमचं जुनं क्वार्टर त्या वाटेवर आहे. समीक्षा तिथंच जन्मली. अंगणात सिंधूने लावलेलं सीताफळ अजून उभं आहे, आता दुसरंच कुणीतरी खातं. या बाईने आजवर कधी कशाचा हट्ट धरला नाही, आणि आता आजारपणात तिला जुनं घर पाहावंसं वाटतं. मला फार भरून आलं. मी गाडी त्या रस्त्याने नेली आणि क्वार्टरसमोर मुद्दाम हळू केली. "पाह्य, तुह्यं झाड."

तिने मान हलवली, पण डोळे मिटलेले होते. अशा वेळी बोलू नये.

येतानाही तिकडूनच आलो. तिकडचा रस्ता चांगला आहे, रुंद, गुळगुळीत. ती तासाभरात दोन वाक्यं बोलली, ही हल्ली मोठी गोष्ट आहे.

११ डिसेंबर, बुधवार

सेक्टरचा रस्ता पाइपलाइनसाठी उकरला आहे, त्यामुळे पुन्हा बाजाराकडून.

आज वाईट वाटलं. सकाळी चहा पिताना सिंधू म्हणते, "आपुन ऑटोनं जाऊ का?"

ऑटो! तीन चाकांचा तो खडखडाट, त्यात दाटीवाटीने माणसं. मी तिच्यासाठी गाडीखाली झोपलो, दिवसभर कपडे काळे केले, आणि हिला ऑटो पाहिजे. म्हटलं, "कावून? गाडीत काय कमी आहे?"

"कमी काई नाई जी. तुमाले त्रास होते म्हणून."

"मले काई त्रास नाई."

मग तिने दोन उशा मागितल्या, एक पाठीला, एक खाली. दिल्या. निघालो. पिशवी आजही कोरडी होती, मला वाटलं ती निदान याचं तरी नाव घेईल. घेतलं नाही. स्वयंपाक, भांडी, तिची आंघोळ, कपडे, आणि वर हे. माणूस कशासाठी करतो? कुणीतरी बरं म्हणावं म्हणूनच ना. हे लिहिताना मला माझाच राग येतो आहे, पण ते खरं आहे.

१६ डिसेंबर, सोमवार

"आज नाई," म्हणाली.

मी कपडे करून, चावी हातात घेऊन उभा. विचारलं, ताप आहे? नाही. पाय दुखतो? नाही. मग? "आज नाई जी, बुधवारी जाऊ." भिंतीकडे तोंड करून पडली. रेणू मॅडमना फोन करून थाप मारली, गाडी बिघडली म्हणून.

दुपारी ती घरातल्या घरात चालत होती, टेबल धरून, कपाट धरून. डावी चप्पल सर्र सर्र. मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो. चालायची इच्छा आहे, मग जायची का नाही?

२७ डिसेंबर, शुक्रवार

सोमवारी गेली नाही. बुधवारी नाताळ म्हणून दवाखाना बंद, तर तिला केवढं बरं वाटलं! सकाळभर गाणं गुणगुणत मेथी निवडली. आज पुन्हा "नाई".

रेणू मॅडमचा फोन आला. मागच्या खेपेला अंगठ्यात जरा हालचाल दिसली होती, असं बंद ठेवलं तर तीही जाईल, म्हणाल्या. "अंकल, आंटी ने हिम्मत छोड़ दी है क्या?"

तेच झालं असणार. हिंमत सोडली. फोन ठेवून मी तिच्यावर ओरडलो. नको ते बोललो. म्हटलं, "तुले चालायचंच नाई. तुले असंच पडून राह्यचं आहे आन् मी असंच तुह्यं धूत बसायचं." आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला असेल. ती माझ्याकडे पाहत राहिली. रडली नाही. म्हणाली, "जाऊ जी सोमवारी. पक्कं."

मी मागच्या अंगणात जाऊन बसलो. गाडीवर धूळ बसली होती, ती पुसली. बायकोपेक्षा गाडी पुसणं सोपं असतं. मला आता एकदाच झोपावंसं वाटतं, कुणी न उठवता.

३ जानेवारी, शुक्रवार

शब्दाला जागली. सोमवार, बुधवार, आज, तिन्ही दिवस आली. जाताना बोलत नाही, येताना बोलत नाही. रस्ताभर हात वर. आज आरशात पाहिलं तेव्हा ती माझ्याकडेच पाहत होती. आरशातून अगदी डोळ्यात. मी म्हटलं, "घट्ट धर, बाजार आला." तिने मान खाली घातली.

व्यायामाच्या वेळी मी बाहेर बाकावर असतो, पण आज दार उघडं होतं. रेणू मॅडम विचारत होत्या, "आंटी, पैर तो ठीक है, पर कमर इतनी टाइट क्यों है? लोहे जैसी. आधा टाइम तो मेरा कमर खोलने में जाता है. रास्ते में क्या करती हो?" सिंधू हसली आणि म्हणाली, "ठंड है न, बेटा."

गाडीचे मागचे टायर आतल्या बाजूने घासले आहेत. बाबुलालला दाखवले. म्हणाला, खाली केली की चाक जरा तिरकं बसतं, होणारच. "और काकी? काकी को ठीक लगता है न पीछे?" मी म्हटलं, एकदम ठीक. उलटी बंद झाली. तो बरं म्हणाला.

९ जानेवारी, गुरुवार

ताप आहे. तरी आजचं आजच लिहितो, उद्या मी ते वेगळं लिहीन अशी मला भीती वाटते.

मंगळवारपासून अंग मोडून आलं होतं. काल सिंधूचा व्यायाम बुडाला, तो माझ्यामुळे. आज समीक्षा आली, म्हणाली, बाबा, डॉक्टरकडे चला, गाडी मी चालवते. सिंधूला घरी ठेवलं. समोरची सीट अडकलेली, मग मी मागे बसलो. सिंधूच्या जागेवर, तिच्या दोन उशांवर. गाडी घेतल्यापासून मी या गाडीत मागे कधी बसलोच नव्हतो.

समीक्षा छान चालवते, मीच शिकवलं आहे. कोपऱ्यावरचा पहिला गतिरोधक आला. पुढची चाकं तिने हळू चढवली, हळू उतरवली, आणि मग गाडी सोडली.

मागचं चाक आलं. खालून कुणीतरी घण घातला. सीट, उशा, काही मध्ये उरलं नाही, सरळ मणक्यात. दात एकमेकांवर आपटले. मी धडधाकट माणूस, माझ्या पाठीत टाके नाहीत. मी म्हटलं, हा एखादा खड्डा असेल. दुसरा गतिरोधक आला. परत तेच. पुढे ती पोर इतकी सावकाश आणि मागे हा मार. मग बाजाराचा उखडलेला रस्ता सुरू झाला, तिथं तर एकेक खडा मोजता येत होता.

तिसऱ्याच्या आधी मी हँडल धरायला हात वर केला.

वर हँडल नाही.

छताला दोन भोकं आहेत, स्क्रूची. हँडल आधीच्या मालकाच्या वेळीच कधीतरी निघालं असणार. त्या दाराला नाही, या दाराला नाही. धरायला काहीच नाही. माझा हात तसाच वर राहिला, रिकामा, आणि मार येणार म्हणून मूठ आपोआप मिटली.

समीक्षाने भर बाजारात ब्रेक लावला. मागून हॉर्न वाजले. ती आरशात पाहत होती. "काय झालं बाबा? मूठ कावून दाखवली?"

पोरीने एका नजरेत ओळखली. आणि मी? ज्याने चौतीस वर्षं फक्त हात वाचून भाकर खाल्ली, त्याच्या आरशात रोज, सगळा रस्ताभर, ती मूठ होती. ती काही धरत नव्हती. ती मला थांब म्हणत होती.

डॉक्टरने गोळ्या दिल्या. येताना मी समीक्षाला म्हटलं, पायी जाऊ. ती म्हणाली, ताप डोक्यात गेला का?

१० जानेवारी, शुक्रवार

सकाळी तिच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसलो. तीच आधी म्हणाली, "समीक्षानं सांगतलं मले."

"सांगाचं होतं न सिंधू. तोंडानं सांगाचं होतं."

"काय सांगू?"

"दुखते म्हणून."

ती आपल्या पायाकडे पाहत होती. "आधी डोलते म्हणून मीच रडली. तुमी माह्यासाठी गाडीखाली झोपले. मंग परत कोणत्या तोंडानं सांगू, का आता हे बी नाई जमत?" तिने पायावरचं पांघरूण सारखं केलं. "आन् तुमी शिट्टी वाजवून राह्यले होते. दोन वर्षं भिंतीकडं पाहत बसलेला माणूस शिट्टी वाजवून राह्यला. म्या म्हटलं, वाजवू दे."

"मंग मूठ कावून दाखवली?"

"ते काय मी दाखवत होती? जीव गेला का हात आपोआप वर जाये. पह्यल्या दिवशी वाटलं, आता थांबतीन. तुमी म्हणले, घट्ट धर." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मी कायले धरू जी?"

मी सत्तावीस डिसेंबरला तिला काय बोललो ते वर लिहिलेलंच आहे. त्याची माफी मागितली. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "ताप उतरला वाट्टे."

ऑटो बोलावला. ऑटोने गेलो दवाखान्यात. काही त्रास झाला नाही.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

बाबुलालने भंगारातल्या गाडीच्या पूर्ण लांबीच्या चार स्प्रिंगा शोधून आणल्या. कापलेला वेढा परत जोडता येत नाही. त्याला तिळाचे लाडू नेले. तो म्हणाला, "काका, मैंने बोला था झटका आएगा."

म्हटलं, तू मला बोलला होतास. बसणारीला कुणीच काही विचारलं नाही, तू पण नाही. त्याने लाडू तोंडात घातला आणि पाना शोधायला गेला.

समोरची अडकलेली सीटही आज सोडवली. आणि मागच्या दोन्ही दारांवर हँडलं बसवून घेतली.

गाडी परत चार बोटं उंच झाली. परत डोलणार. घरी येताना चौकात मी इतक्या हळू वळलो की सायकलवाला मला मागे टाकून गेला. गाडी जराही झुलली नाही. हळू वळायचं, बस. एवढ्यासाठी मी स्प्रिंगा कापल्या होत्या.

२० जानेवारी, सोमवार

रेणू मॅडमनी आज मला आत बोलावलं. सिंधूचा डावा अंगठा त्यांनी दाखवला. ती कपाळाला आठ्या घालून जोर लावत होती, आणि अंगठा वर आला. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढा. पंजा अजून तसाच आहे. मधले जे दिवस गेले ते परत येतील का, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "देखते हैं, अंकल." हे काय असतं ते मला कळतं. ते दिवस माझ्यामुळे गेले, आणि पुरता पाय परत आला नाही तर ते मला कायम माहीत असेल.

समोरची सीट आता मागे सरकते, म्हणून म्हटलं, चल, पुढे माझ्याजवळ बस. नको म्हणाली, मागेच बरं वाटतं, पाय पसरता येतो.

सेक्टरचा रस्ता परत खुला झाला आहे. गतिरोधक नाही, खड्डा नाही, ऊन पडलेलं. क्वार्टर येत होतं. आरशात हात वर गेला आणि मूठ मिटली.

मी जागच्या जागी गाडी थांबवली. मागचा स्कूटरवाला काहीतरी बोलून पुढे गेला. मी वळून विचारलं, "काय झालं? दुखलं?"

"नाई."

"मंग?"

तिने मूठ हळूच खाली घेतली आणि मांडीवर ठेवली. "काई नाई जी. पाह्यलं, थांबता का म्हणून."

सीताफळाच्या झाडाकडे ती बराच वेळ पाहत होती. आज डोळे उघडे होते. मग म्हणाली, "चला आता."

मी आरशात एकदा पाहिलं आणि मग गिअर टाकला.